रोबोटिक ऑपरेशनच्या हत्यारांत एआय नक्की असतं कुठे?

भुसावळकर

राम राम मंडळी. मी बायोमेडिकल इंजिनिअर, हॉस्पिटलच्या मशीनी बसवणं आणि बिघडल्या की दुरुस्त करणं हे माझं काम, मूळ भुसावळ आणि फिरणं जळगाव, धुळे, नाशिक, संभाजीनगर. हल्ली गावी गेलो की हमखास विचारतात, एआयवाला रोबोट ऑपरेशन करतो म्हणे, मग डॉक्टर काय करतो? जाहिरातीत रोबोट आणि एआय शेजारी शेजारी छापलेलं असतं, वाचणाऱ्याला वाटतं आत कुणीतरी हुशार बसलाय आणि तोच कापतोय. लोक यासाठी जास्तीचे पैसे मोजताहेत म्हणून म्हटलं एकदा नीट बोलू या.

जगात सगळ्यात जास्त वापरला जाणारा पोटाच्या ऑपरेशनचा रोबोट म्हणजे दा विंची, त्याला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, २००० साली मान्यता दिली. सर्जन पेशंटपासून थोडा लांब कन्सोलवर बसतो, डोळे थ्रीडी चित्रावर, बोटं कंट्रोलमध्ये, पाय पेडलवर. त्याने हात तीन सेंटिमीटर हलवला तर आतलं हत्यार एकच सेंटिमीटर हलेल असं सेट करता येतं, हाताची थरथर गाळली जाते, डोकं चित्रापासून बाजूला घेतलं की हत्यारं जागेवर लॉक होतात. हत्यार साधारण ८ मिलिमीटर जाडीचं, टोकाला छोटं मनगट, आणि ते मनगट नळीच्या आतून जाणाऱ्या बारीक धातूच्या तारांवर वळतं. हत्यारात एक चिप असते ती किती वेळा वापरलं ते मोजते, आकडा संपला की हत्यार दिसायला कितीही चांगलं असलं तरी मशीन ते घेत नाही. आधी बऱ्याच हत्यारांना १० वापर मिळायचे, २०२० पासून काहींचे १२ ते १८ केले.

हे सगळं उत्तम इंजिनिअरिंग आहे पण यात एआय नाही. सर्जनने हात हलवला नाही तर हत्यार हलत नाही, विषय संपला.

एआयच्या जवळपास जाणारी गोष्ट सुरू होते ती हत्याराच्या टोकाशी, जिथे सेन्सर येतात. दा विंचीच्या नव्या स्टेपलरमध्ये, म्हणजे पिना मारून आतडं जोडणाऱ्या हत्यारात, आतडं चिमटीत धरल्यावर ते किती दाबलं जातंय हे मशीन सेकंदाला हजारापेक्षा जास्त वेळा मोजतं आणि पिना मारायचा वेग त्याप्रमाणे कमीजास्त करतं, गरज पडली तर मध्येच थांबतं. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या दा विंची ५ मध्ये काही हत्यारांना जोर मोजणारे सेन्सर आले, म्हणजे आत किती ताण पडतोय ते सर्जनच्या बोटांना जाणवतं. आधीच्या मशीनमध्ये हा स्पर्श नव्हताच, सगळा अंदाज डोळ्यांनी. आणि तिसरा प्रकार म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र बघून ही पित्तनळी, ही रक्तवाहिनी, इथे कापू नका असं सांगणारं सॉफ्टवेअर. खरं शिकणारं एआय ते हे, आणि मला जास्त बोलायचंय ते यावरच, पण आधी तुमचे प्रश्न येऊ द्या.

ओटीसिस्टर_धुळे

दादा चांगला धागा काढलात. मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रब करते, सर्जनच्या हातात हत्यारं देते, आधी मोठ्या शहरात रोबोटवर काम केलंय, आता धुळ्यात साध्या लॅपवर, म्हणजे लॅप्रोस्कोपी, दुर्बिणीच्या ऑपरेशनवर. स्टेपलरचं सांगते कारण ते मी रोज हातात धरलेलं आहे. पिनांची काडतुसं रंगाने ओळखतो आम्ही, पातळ टिश्यूला पांढरं, मध्यम असेल तर निळं, जाड असेल तर हिरवं. सर्जन म्हणतात निळी द्या, आपण भरून देतो, ते आतडं धरतात आणि मग सगळे थांबतात, दाबल्याने त्यातलं पाणी सरकून टिश्यू पातळ होऊ द्यायची असते. साध्या स्टेपलरला हे थांबणं माणसाच्या सबुरीवर, घाई झाली की पीन नीट बंद होत नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लीक. मशीनवालं स्टेपलर सरळ अडून बसतं, टिश्यू जास्त जाड असली तर स्क्रीनवर दाखवतं आणि पुढे जात नाही. मला हे फार आवडलं होतं, कारण तिथे कुणाच्या मानापानाचा प्रश्न येत नाही, ज्युनिअरने सर थांबा म्हणायची वेळ येत नाही.

टाक्यांचंही तसंच. जोर कळत नाही त्या मशीनवर नवीन सर्जन गाठ मारताना दोरा तोडायचे, बारीक दोरा असला तर जास्तच. मुरलेले सर्जन दोरा कसा ताणला जातोय ते बघून ओळखतात, पण ते मुरायला वेळ लागतो.

अजून एक, ज्यावर कुणी बोलत नाही. हत्यारं धुणं. त्या मनगटाच्या फटीत आणि नळीच्या आत रक्त वाळून बसतं, नुसतं ब्रशने घासून जात नाही, आतून पाण्याचा झोत सोडायचा, मग अल्ट्रासोनिक बाथ, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करणं. कॅमेरा ऑटोक्लेव्हला चालत नाही त्याचं निर्जंतुकीकरण वेगळं. सीएसएसडीतला, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागातला, माणूस शिकलेला नसेल तर वरचं एआय कितीही भारी असू द्या, इन्फेक्शन व्हायचं ते होणारच.

कापूसवाला_शिंदखेडा

काय भो भुसावळकर, माले एक सांग, ऑपरेशन चालू शे आनि लाईट गयी तं काय व्हई? आमच्याकडे ठिबकला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवलाय, लाईट गेली की व्हॉल्व्ह आहे तसा अडकून राहतो, पुढचं सगळं वेळापत्रक बिघडतं. माणसाच्या पोटात हत्यार तसंच अडकून राहिलं तर?

भुसावळकर

अण्णा एकदम कामाचा प्रश्न. हॉस्पिटलचा जनरेटर आणि यूपीएस तर असतोच, शिवाय रोबोटचे हात ज्या गाडीवर असतात तिच्यात स्वतःची बॅटरी असते, हात सोडवून हत्यारं बाहेर काढण्याएवढा वेळ मिळतो. हत्याराचा जबडा आतडं धरलेल्या अवस्थेत बंद पडला तर तो हाताने उघडायची सोय असते, एक छोटी चावी येते.

ओटीसिस्टर_धुळे

हो, ती चावी कुठे ठेवलीय हे ओटीतल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. आमच्याकडे रोबोटच्या दिवशी सकाळच्या चेकमध्ये ती डोळ्याने बघून मगच पेशंट आत घ्यायचे. आणि पोट उघडायचा सेट बाजूच्या ट्रॉलीवर तयार, झाकलेला. कितीही आधुनिक मशीन असलं तरी हा सेट बाजूला पाहिजेच.

अमळनेरची_लेक

माझे वडील, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, शेतात उभं राहता येत नाही आता. दोन ठिकाणी दाखवलं, एकीकडे म्हणाले साध्या पद्धतीने करू, दुसरीकडे म्हणाले एआय रोबोटने केलं तर परफेक्ट बसेल पण खर्च जास्त. कुणाचं ऐकावं तेच कळेना. गुडघ्याचा रोबोट आणि तुम्ही म्हणताय तो दा विंची एकच का?

भुसावळकर

नाही ताई, एकदम वेगळं. गुडघ्याच्या रोबोटमध्ये हाड कापायचं असतं, हाड हलत नाही, आतड्यासारखं लिबलिबीत नसतं, त्यामुळे मशीनला ते सोपं जातं. १९९२ मध्येच अमेरिकेत रोबोडॉक नावाच्या मशीनने माणसाच्या खुब्याच्या सांध्यासाठी हाड कोरलं होतं, म्हणजे ही गोष्ट आजच्या एआयच्या किती आधीची बघा. आत्ता दोन तऱ्हा दिसतात. मॅको नावाच्या मशीनमध्ये आधी सीटी स्कॅन काढून थ्रीडी नकाशा करतात, करवत सर्जनच्याच हातात, पण ठरवलेल्या हद्दीबाहेर ती नेता येत नाही, हाताला अडल्यासारखं होतं. क्युविससारख्या मशीनमध्ये ठरवल्याप्रमाणे कोरायचं काम मशीन स्वतः करतं आणि सर्जन थांबवायचं बटण हातात घेऊन उभा असतो.

माप जास्त अचूक बसतं हे बऱ्यापैकी मान्य झालंय. पण दहा-पंधरा वर्षांनी माणूस जास्त चांगला चालतो का, यावर हाडांच्या डॉक्टरांमध्येच अजून एकमत नाही. त्यामुळे मी तर आधी विचारीन की हे डॉक्टर वर्षाला किती गुडघे करतात, रोबोट नसताना किती केले, आणि मध्येच मशीन बंद पडलं तर हाताने पूर्ण करतील का. तिसऱ्या प्रश्नाला जो लगेच हो म्हणतो त्याच्याकडे जा. सांध्याच्या किमतीचंही बघा, सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमवाल्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये. ती मर्यादा इम्प्लांटला आहे, रोबोटच्या चार्जला नाही, म्हणून बिल वेगवेगळं मागा.

विमावाला_चाळीसगाव

ताई पॉलिसी असेल तर हे वाचा. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांप्रमाणे ऑक्टोबर २०२० पासून रोबोटिक सर्जरी ही आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, ती सरसकट नाकारता येत नाही, पण कंपनी त्याला उपमर्यादा लावू शकते. म्हणजे पॉलिसी पाच लाखाची आणि रोबोटिकसाठी त्यातले काही टक्केच असं असू शकतं. अॅडमिट व्हायच्या आधी लेखी विचारून घ्या, डिस्चार्जच्या काउंटरवर भांडण नको. बऱ्याच माणसांना हे ऑपरेशन झाल्यावर कळतं आणि मग नातेवाइकांना पैशासाठी फोन सुरू होतात, फार वाईट वाटतं बघताना.

सर्जन_तापीकाठ

मी तालुक्याच्या गावी जनरल सर्जन आहे, रोबोट माझ्याकडे नाही, येईल असंही वाटत नाही, पण दुर्बिणीने पित्ताशय मी आठवड्याला काढतो म्हणून कॅमेऱ्याच्या एआयवर लिहितो.

पित्ताशय काढताना खरी भीती एकच, मुख्य पित्तनळी चुकून कापली जाणं. हजारात तीन-पाच वेळा होतं, पण ज्याचं होतं त्याचं आयुष्य बदलतं, मोठ्या शहरात पुन्हा मोठं ऑपरेशन, महिनोन्महिने नळ्या. म्हणून आम्हाला शिकवलेलं असतं की पित्ताशयाच्या मानेजवळचा त्रिकोण पूर्ण मोकळा करा, पित्ताशयाचा खालचा भाग लिव्हरवरून सुटा करा, पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, त्याशिवाय क्लिप लावायची नाही. टोरांटोच्या मंडळींनी गोनोगोनेट नावाचं एआय केलंय ते चालू व्हिडिओवर सुरक्षित भाग आणि धोक्याचा भाग रंगवून दाखवतं. कल्पना उत्तम आहे. रात्री अकरा वाजता, दिवसभराची ओपीडी करून, एकट्याने ऑपरेशन करणाऱ्या माझ्यासारख्याला असा दुसरा डोळा मिळाला तर मी आनंदाने घेईन.

पण आमच्याकडचं पित्ताशय कसं येतं ते सांगतो. बाई दोन वर्षं पोट दुखतं म्हणून ओवा आणि सोडा घेत असते. घरात सगळ्यांचं झाल्यावर तिचा नंबर. कापूस वेचणी होऊ द्या, पोरीचं लग्न होऊ द्या, मग बघू. येते तेव्हा पित्ताशय जाड, पांढरं पडलेलं, जठर आणि आतडं त्याला घट्ट चिकटलेलं, तो त्रिकोण नावालाही शिल्लक नसतो. तिथे कधी आम्ही पित्ताशयाचा काही भाग आतच सोडून येतो, कधी पोट उघडतो, आणि त्यात कमीपणा काही नाही, पेशंट वाचणं महत्त्वाचं. माझा प्रश्न असा की त्या एआयने अशी पित्ताशयं पाहिलीत का? सोप्या केसमध्ये मला मदत लागत नाही. अवघड केसमध्ये लागते, आणि नेमकं तिथेच ते चुकीची जागा हिरवी रंगवून मोकळं झालं तर?

शिरपूर_कोडर

सर, मी इंजिनिअरिंगला आहे, मशीन लर्निंगवर प्रोजेक्ट करतोय, तुमचा मुद्दा अगदी बरोबर जागी लागला. या विषयात शिकायला बसलेला प्रत्येक जण सुरुवात करतो ती कोलेक८० नावाच्या डेटासेटने, म्हणजे एआयला शिकवायच्या नमुन्यांच्या साठ्याने, त्यात पित्ताशयाच्या ८० ऑपरेशनचे व्हिडिओ आहेत, १३ सर्जनांनी केलेली, सगळी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची. हजारो पेपर, शेकडो मॉडेल, म्हणजे शिकवून तयार केलेली एआय, पण मूळ माल एका गावचा. तुम्ही म्हटलं ते गोनोगोनेट त्यापेक्षा पुष्कळ बरं, ३७ देशांतल्या १३६ संस्थांमधले २९० व्हिडिओ वापरलेत, पण दोन वर्षं पोटदुखी अंगावर काढून आलेली आपली पेशंट त्यात किती, हा प्रश्न राहतोच. मॉडेल न पाहिलेल्या चित्रावरही तेवढ्याच ठामपणे रंग देतं, मला काही कळत नाहीये असं सांगायला त्याला वेगळं शिकवावं लागतं, आणि ते अजून कच्चं आहे.

बाकी रोबोट स्वतःहून ऑपरेशन करतो का याचं उत्तर पण देतो. २०१७ मध्ये याच्या पायऱ्या मांडल्या गेल्या, ० म्हणजे सगळं माणूस, ५ म्हणजे सगळं मशीन. दा विंची मूळ कामात ० वरच, हाड स्वतः कोरणारं मशीन मधल्या पायरीवर. वरच्या पायऱ्या प्रयोगशाळेत आहेत. जॉन्स हॉपकिन्सच्या स्टार रोबोटने २०२२ मध्ये जिवंत डुकरांमध्ये आतडं दुर्बिणीने जोडून दाखवलं. त्याच विद्यापीठात २०२५ मध्ये सर्जनांचे व्हिडिओ दाखवून शिकवलेल्या रोबोटने डुकराची ८ पित्ताशयं घेतली आणि क्लिप लावणं, कापणं असे १७ टप्पे माणसाचा हात न लागता पूर्ण केले. तोंडी सूचना ऐकून तो चूक सुधारतो. भारी काम आहे, मी तो पेपर पुन्हा पुन्हा वाचतो. पण ते अवयव शरीराबाहेर काढलेले होते, श्वासाने हलत नव्हते, खरं रक्त वाहत नव्हतं, आणि वेळ माणसापेक्षा जास्त लागला.

सर्जन_तापीकाठ

धन्यवाद बेटा, हे मला माहीत नव्हतं. शरीराबाहेरच्या पित्ताशयात रक्तस्राव सुरू होत नाही, माझी धावपळ तिथेच सुरू होते. तरी मी याला नावं ठेवणार नाही, लॅप्रोस्कोपी नवीन आली तेव्हा आमच्या सरांनीही तिला नावं ठेवली होती.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, नवीन म्हणजे चांगलंच असं नसतं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या, आपल्याकडे हा बायकांमध्ये किती दिसतो ते मी सांगायला नको. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मोठी चाचणी आली, ६३१ बायका, निम्म्यांचं ऑपरेशन पोट उघडून, निम्म्यांचं दुर्बिणीने किंवा रोबोटने. सगळ्यांना वाटत होतं निकाल सारखाच येईल. साडेचार वर्षांनी पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के कॅन्सरमुक्त, दुसऱ्या गटात ८६. छोटा छेद, लवकर घरी, पण आजार परत येण्याचं प्रमाण जास्त. जगभर पद्धत बदलावी लागली. हत्याराच्या टोकाला कितीही अक्कल बसवली तरी कुठलं ऑपरेशन कुणाला, हे असं मोजूनच ठरतं.

नंदुरबारी

मला वेगळं विचारायचंय. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडनं पेशंट खाली आणायचा म्हणजे काय असतं ते इथल्यांना माहीत आहे. पावसाळ्यात तर झोळीत घालून रस्त्यापर्यंत. हल्ली वाचतो की लांब बसून ऑपरेशन करता येतं. मग मुंबईचा सर्जन नंदुरबारच्या पेशंटचं ऑपरेशन करेल का?

भुसावळकर

तांत्रिकदृष्ट्या हो. २००१ च्या सप्टेंबरमध्येच न्यूयॉर्कला बसून स्ट्रासबर्गच्या बाईंचं पित्ताशय काढलं होतं, हात हलवल्यापासून चित्र दिसेपर्यंत साधारण १५५ मिलिसेकंद उशीर, पण त्यासाठी खास फायबरची लाइन. आपल्याकडे गुरुग्रामच्या कंपनीचा एसएसआय मंत्रा आहे, डॉ. सुधीर श्रीवास्तव यांचा, भारतात बनलेला, २०२५ च्या जानेवारीत त्याच्यावर गुरुग्रामहून २८६ किलोमीटरवर जयपूरच्या पेशंटचं हृदयाचं ऑपरेशन झालं. आपल्या देशात हे बनतंय याचा मला अभिमान आहे.

पण पेशंटच्या बाजूला सर्जन लागतोच, रक्तस्राव झाला किंवा लाइन तुटली तर हात घालायला. भूल देणारा लागतो, रक्त लागतं, आणि सिस्टर म्हणाल्या तसा शिकलेला स्टाफ. हे सगळं जिथे आहे तिथे रोबोटची तातडी कमी, आणि जिथे नाही तिथे रोबोट ठेवून उपयोग नाही. धडगाव-अक्राणीच्या डोंगरात आधी भूलतज्ज्ञ आणि रक्त साठवायची सोय चोवीस तास मिळाली तर बाळंतपणातच किती जीव वाचतील. मशीनची सर्व्हिस करून पोट भरणारा माणूस हे सांगतोय.

नंदुरबारी

पटलं. सिकलसेलचे, म्हणजे त्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे, पेशंट आमच्याकडे खूप, पित्तखडे त्यांना लहान वयात होतात, त्यामुळे विचारलं.

सर्जन_तापीकाठ

हे फार महत्त्वाचं बोललात. सिकलसेलमध्ये रक्तपेशी फुटत राहतात म्हणून पिगमेंटचे खडे होतात, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनाही. अशा पेशंटला ऑपरेशनच्या वेळी ऑक्सिजन, पाणी, शरीराची ऊब सगळं जपावं लागतं, नाहीतर क्रायसिस, म्हणजे अचानक तीव्र वेदनांचा झटका, येतो. कोडर बेटा, अशा पोरांचं पित्ताशय तुझ्या स्ट्रासबर्गच्या ८० व्हिडिओंत कुठून असणार.

शिरपूर_कोडर

तेच म्हणायचंय सर. तुमच्या लॅपच्या टॉवरवर रेकॉर्डिंग होतच असेल ना? ते पेनड्राइव्हवर पडून राहतं आणि जागा भरली की पुसलं जातं. खान्देशातल्या दहा-बारा सर्जनांनी फक्त अवघड केसचे व्हिडिओ जपले, कुठे थांबलो, का थांबलो, पोट का उघडलं हे सोबत लिहिलं, तर असा माल जगात फार कमी ठिकाणी असेल. व्हिडिओत कुठे काय आहे याचं मार्किंग तुम्ही लोकांनी करायचं, बाकी मेहनत आमची.

ओटीसिस्टर_धुळे

पेशंटला विचारून पण. माझा आग्रह आहे हा. भुलेच्या आधी, ट्रॉलीवर झोपवल्यावर सही घेतात ती सही नको. आदल्या दिवशी वॉर्डात, नातेवाईक बसलेले असताना, त्यांच्या बोलीत सांगून.

सर्जन_तापीकाठ

सिस्टर बरोबर. २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदाही आहेच, पण कायदा नसता तरी विचारायलाच पाहिजे. रेकॉर्डिंगवर नाव आणि केस नंबर दिसतो तो आधी काढावा लागेल, आणि कॅमेरा पोटाबाहेर असतानाचा भाग कापावा लागेल, त्यात चेहरे येतात. मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीतून परवानगी घ्यावी लागेल, तिथे माझे बॅचमेट आहेत, बोलतो. संमतीपत्र मी मराठीत लिहून इथेच टाकतो, अहिराणी आणि भिली-पावरीत कसं सांगायचं ते नंदुरबारी भाऊ आणि शिंदखेड्याचे अण्णा तुम्ही बघा. नाही म्हटलं तर उपचारात काही फरक पडणार नाही, हे वाक्य सगळ्यात वर राहील.

अमळनेरची_लेक

विषय मध्येच तोडते, माफ करा. दोन्हीकडे फोन केला. भुसावळकर दादांचे प्रश्न विचारले, साध्या पद्धतीवाल्या डॉक्टरांनी त्यांच्या ऑपरेशनचा आकडा सांगितला आणि दोन जुन्या पेशंटशी बोलायला दिलं. रोबोटवाल्यांकडे काउंटरवरच्या बाईंनी पॅकेज सांगितलं, डॉक्टरांशी बोलणं झालं नाही, सोमवारी परत करते. विम्याच्या कंपनीला मेल टाकलाय, उपमर्यादा किती ते कळलं की लिहिते.

विमावाला_चाळीसगाव

मेलची कॉपी आणि त्यांचं उत्तर दोन्ही प्रिंट काढून फाइलला लावा ताई. टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणारा, वेगळा असेल तर त्यालाही पाठवा.